‘पट्टी’ या कमांडचे मॅन पेज: मॅक्रो वापरून पान कसे लिहावे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की अडत दुकानांत पट्ट्या करण्याचे काम सुरू होते. पोत्यांचे वजन, क्विंटलमागचा दर, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल हे सगळे एका कागदावर मांडून शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम काढणे, याला पट्टी करणे म्हणतात. एका दुकानासाठी मी हे काम करणारी छोटी कमांड लिहिली, तिचे नाव ‘पट्टी’ असेच ठेवले आणि दुकानातला संगणक लिनक्सवर चालत असल्याने तिला जोडून मॅन पेजही, म्हणजे ‘मॅन’ या कमांडने उघडणारे माहितीचे पानही, लिहिले. कमांड दोन संध्याकाळींत झाली. मॅन पेज मात्र तीनदा लिहावे लागले. पहिल्या दोन वेळा माझे सगळे लक्ष पान पडद्यावर कसे दिसते याकडे होते, आणि मॅक्रो, म्हणजे पानाच्या फाइलीत लिहायच्या छोट्या आज्ञा, हे दिसण्यासाठी नसून कोणता शब्द कोणते काम करतो हे सांगण्यासाठी असतात, ही गोष्ट तिसऱ्या वेळी लक्षात आली. ते पान कसे बसवले, ते येथे मांडतो आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. या लेखात रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे एखाद्याला फोनवरून फाइल सांगावी तशी. ‘.टीएच’ असे दिसेल तेथे ओळीच्या अगदी सुरुवातीला टिंब आणि त्याला चिकटून टी व एच ही मोठी रोमन अक्षरे टाइप करावीत. नमुन्यांतील मॅक्रोंची नावे, कमांडची आणि फाइलींची नावे, पर्यायांची अक्षरे, मथळे आणि अंक प्रत्यक्ष फाइलीत रोमनमध्ये जातात. वर्णनाचा मजकूर आणि ‘दर’, ‘फाइल’, ‘नोंदवही’ यांसारखे भरायच्या जागा दाखवणारे शब्द मात्र देवनागरीतच राहतात.

मॅक्रोंची नावे इतकी तुटक का, असा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये एमआयटीमध्ये रनऑफ नावाचा मजकूर मांडून देणारा प्रोग्राम लिहिला. त्यावरून बेल लॅब्जमध्ये रॉफ आला आणि पुढे जो ओसाना यांनी एनरॉफ व ट्रॉफ लिहिले. युनिक्सच्या हस्तपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि नाव, वापराचा नमुना, वर्णन, फाइली, दोष अशी जी मथळ्यांची मांडणी आपण आजही पाळतो, ती त्या आवृत्तीतच दिसते. त्या काळच्या ट्रॉफमध्ये मॅक्रोचे नाव दोन अक्षरांपलीकडे जाऊ शकत नव्हते. डग मॅकिलरॉय यांनी १९७९ च्या सातव्या आवृत्तीसाठी मॅन मॅक्रोंचा संच केला तो याच मर्यादेत, आणि म्हणून शीर्षकाचा टीएच, मथळ्याचा एसएच, परिच्छेदाचा पीपी. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर हे मॅक्रो वाचण्याचे काम ग्रॉफ करतो.

ग्रॉफ फाइल ओळीओळीने वाचतो. ओळ टिंबाने सुरू झाली तर ती आज्ञा, एरवी ती मजकूर. मजकुराच्या ओळी कोठे मोडल्या आहेत याला त्याच्या लेखी किंमत नसते. तो शब्द एकामागे एक ओततो आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी स्वतः भरतो. मात्र मोकळी सोडलेली ओळ आणि ओळीच्या सुरुवातीला दिलेली रिकामी जागा या दोन्हींचा तो अर्थ घेतो: पहिलीमुळे पानात तेवढीच रिकामी ओळ येते, दुसरीमुळे वाक्य मध्येच तुटून नवी ओळ सुरू होते. त्यामुळे फाइल वाचायला सुटसुटीत व्हावी म्हणून मोकळ्या ओळी सोडण्याची आपली सवय येथे मोडावी लागते. नवा परिच्छेद हवा असेल तर ‘.पीपी’ लिहावे, आणि फाइलीत केवळ डोळ्यांसाठी अंतर हवे असेल तर एकटे टिंब टाकून ओळ सोडावी. एकट्या टिंबाचा पानावर काहीही परिणाम होत नाही.

पान या ओळीने सुरू होते:

.टीएच पट्टी १ २०२४-११-१८ "पट्टी १.२" "दुकानातील साधने"

पहिला शब्द पानाचे नाव, दुसरा विभागाचा क्रमांक. विभाग १ मध्ये सर्वसाधारण कमांडी येतात, २ मध्ये कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, केलेले कॉल, ३ मध्ये लायब्ररीतील फंक्शने, ५ मध्ये फाइलींचे प्रकार, ८ मध्ये व्यवस्थापकाच्या कमांडी. दुकानातील मंडळी चालवणार ती कमांड, म्हणून १. तिसरी तारीख, आणि ती पान शेवटचे बदलले त्या दिवसाची. आज पान उघडले म्हणून आजची नव्हे. चौथ्या जागी प्रोग्रामची आवृत्ती आणि पाचव्या जागी पुस्तिकेचे नाव. पाचवी जागा रिकामी ठेवली तर ग्रॉफ विभागाच्या क्रमांकावरून स्वतःच एक इंग्रजी नाव घालतो, जे बहुतेक वेळा चालून जाते. एकापेक्षा अधिक शब्द एका जागेत बसवायचे असतील तर ते दुहेरी अवतरणात बांधावे लागतात. हे विसरलो तेव्हा माझ्या पानाच्या तळाशी आवृत्तीच्या जागी नुसते ‘पट्टी’ आले आणि ‘१.२’ हे वर पुस्तिकेचे नाव म्हणून विराजमान झाले.

त्यानंतरची दोन ओळींची जागा सगळ्या पानात सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते:

.एसएच नेम
पट्टी \- हळदीच्या नोंदींवरून हिशोबपट्टी तयार करते

ही ओळ माणसाखेरीज दुसरेही कोणी वाचते. मॅनडीबी नावाचा प्रोग्राम संगणकावरील सगळ्या पानांतून नेमका हा भाग उचलून सूची करतो, आणि ‘व्हॉटइज’ व ‘अप्रोपॉस’ या कमांडी त्या सूचीतून उत्तर देतात. म्हणून येथे शिस्त काटेकोर आहे. आधी कमांडचे नाव, मग रिकामी जागा, बॅकस्लॅश आणि आडवी रेघ, पुन्हा रिकामी जागा आणि एका ओळीत मावेल एवढे वर्णन. शेवटी पूर्णविराम नको, नाव ठळक करण्याचा मोह नको, आणि ‘ही कमांड म्हणजे’ असली प्रस्तावनाही नको. शोधणारा माणूस कोणता शब्द टाइप करील याचा विचार करून वर्णन लिहावे. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘हिशोब करण्याचे साधन’ एवढेच होते, आणि ‘हळद’ शोधणाऱ्याला ते कधीच सापडले नसते. ओळ नीट बसली आहे का हे ‘लेक्सग्रॉग पट्टी.१’ अशी कमांड चालवून लगेच कळते: बसली असेल तर ती नाव आणि वर्णन छापते, नसेल तर वाचता आले नाही असे सांगते. मथळा ‘नेम’ असा इंग्रजीत न ठेवता ‘नाव’ असा मराठीत करायचा असेल तर ही चाचणी अवश्य करावी. मी मथळे इंग्रजीच ठेवले, कारण पान चाळणाऱ्याची नजर त्या ठरलेल्या शब्दांवरच थांबते.

आता वापराचा नमुना. येथे ठळक, तिरपी आणि साधी अशी तीन प्रकारची अक्षरे लागतात, आणि त्यांचा संकेत ठरलेला आहे. जे जसेच्या तसे टाइप करायचे ते ठळक. ज्याच्या जागी आपली किंमत घालायची ते तिरपे. आणि चौकटी कंसासारखी जी चिन्हे केवळ ‘हे ऐच्छिक आहे’ असे सुचवण्यासाठी असतात ती साधी. बहुतेक टर्मिनलवर तिरप्या अक्षराऐवजी शब्दाखाली रेघ दिसते, त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

.एसएच सिनॉप्सिस
.बी पट्टी
.आरबी [ \-डी
.आयआर दर ]
.आरबी [ \-ओ
.आयआर फाइल ]
.आय नोंदवही

यातून पानावर ‘पट्टी [-डी दर] [-ओ फाइल] नोंदवही’ अशी एक ओळ येते. ‘.बी’ म्हणजे बोल्ड, ‘.आय’ म्हणजे इटॅलिक. हे दोघे दिलेला सगळा मजकूर एकाच प्रकारात छापतात. ‘.आरबी’ आणि ‘.आयआर’ हे जोडमॅक्रो वेगळे वागतात, आणि नवशिक्याची खरी अडचण येथे होते. ते आपल्यापुढील शब्द आळीपाळीने दोन प्रकारांत छापतात आणि त्यांच्यामधली रिकामी जागा गिळून टाकतात. आर म्हणजे रोमन, म्हणजे छापखान्यातला सरळ टाइप. लिपीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ‘.आरबी [ \-डी’ या ओळीत कंस साधा, ‘-डी’ ठळक, आणि दोन्ही चिकटून. फाइलीत दोहोंमध्ये दिसणारी रिकामी जागा ही फक्त ‘येथे प्रकार बदला’ अशी खूण आहे.

दुसऱ्या पानाचा उल्लेख करताना याच जोडीचा सर्वाधिक उपयोग होतो. ‘हेही पाहा’ या अर्थाच्या मथळ्याखाली असे लिहिले जाते:

.एसएच सी ऑल्सो
.बीआर ऑक (१),
.बीआर सॉर्ट (१)

येथे स्वल्पविराम कंसाला चिकटून आहे, म्हणून तो साध्या अक्षरात जातो. तो चुकून सुटा लिहिला तर तो तिसरा शब्द ठरतो, आळीपाळीच्या नियमाने पुन्हा ठळकाची पाळी येते आणि पानावर काळा ठसठशीत स्वल्पविराम उमटतो. दोषाने काही बिघडत नाही, पण एकदा डोळ्याला दिसू लागला की इतरांच्या पानांतही तोच दिसत राहतो.

वाक्याच्या मध्येच एखादा शब्द ठळक करायचा असेल तर ओळ मोडून मॅक्रो लिहावा, की ‘\एफबी’ आणि ‘\एफआर’ असे सूचक जागेवरच टाकावेत (यात एफ लहान लिपीतला आणि पुढचे अक्षर मोठे), याबद्दल दोन मते आहेत. सूचकांनी काम भागते, पण एक जरी बंद करायचा राहिला तरी पुढचा मजकूर ठळक होत जातो. मॅक्रोचा परिणाम त्याच्या ओळीपुरताच असतो. मी ओळ मोडतो.

पर्यायांच्या यादीसाठी ‘.टीपी’ आहे. त्याच्या लगेच पुढची ओळ शीर्षक म्हणून डावीकडे राहते आणि त्यानंतरचा मजकूर आत सरकतो:

.एसएच ऑप्शन्स
.टीपी
.बीआय "\-डी " दर
क्विंटलमागचा दर रुपयांत द्यावा.
हा पर्याय न दिल्यास नोंदवहीतील दर धरला जातो.
.आयपी
दोन्ही ठिकाणी दर असल्यास पर्यायातील दर ग्राह्य असतो.
.टीपी
.बीआय "\-ओ " फाइल
तयार पट्टी या फाइलीत लिहावी.

दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ‘-डी’ आणि ‘दर’ यांच्यामध्ये पानावर जागा हवी आहे, पण जोडमॅक्रो जागा गिळतो, म्हणून ती अवतरणाच्या आत ‘डी’च्या मागे ठेवली आहे. दुसरे म्हणजे, एकाच पर्यायाचे वर्णन दोन परिच्छेदांत लिहिताना दुसऱ्यासाठी ‘.पीपी’ वापरला तर तो परिच्छेद पुन्हा डाव्या कडेला येतो आणि तो कोणत्या पर्यायाचा हे कळेनासे होते. तेथे ‘.आयपी’ एकटाच लिहावा. तो आधीचा समास तसाच ठेवून परिच्छेद बदलतो. यादीच्या आत आणखी यादी करायची वेळ आली तर ती ‘.आरएस’ आणि ‘.आरई’ यांच्यामध्ये ठेवावी. अशी वेळ दोनदा आली तर मॅक्रोपेक्षा प्रोग्रामचा पुनर्विचार करावा, असे माझे मत आहे.

उदाहरणे ‘.ईएक्स’ आणि ‘.ईई’ यांच्यामध्ये जातात. त्या दोघांमधल्या ओळी ग्रॉफ एकमेकींत ओतत नाही, लिहिल्या तशाच ठेवतो.

.ईएक्स
पट्टी \-डी १४५०० नोंदी.सीएसव्ही
.ईई

वरच्या सगळ्या नमुन्यांत आडव्या रेघेच्या आधी बॅकस्लॅश आहे. तो का, हे मला दुकानाच्या दिवाणजींनी शिकवले. दुसऱ्या मसुद्यात मी रेघ साधीच टाइप केली होती. पान माझ्या संगणकावर उत्तम दिसत होते. दिवाणजींनी त्यांच्या संगणकावर पान उघडून उदाहरणाची ओळ माउसने उचलली, खाली चिकटवली आणि मला फोन केला: “अहो, तुम्ही लिहिलंय तस्संच टाकलंय मी, तरी फाइल सापडत नाही म्हणतंय.” मी जाऊन पाहिले तर ओळीत चूक काहीच दिसत नव्हती. शेवटी ती ओळ मजकुरातले बाइट दाखवणाऱ्या ‘ओडी’ कमांडमधून काढली, तेव्हा ‘डी’च्या आधी एका बाइटच्या जागी तीन बाइट निघाले: ई२, ८०, ९०. म्हणजे ती रेघ कीबोर्डवरची नव्हती. छपाईतला जोडशब्दांचा हायफन होता. पट्टीला तो पर्याय वाटलाच नाही, तिने ‘डी’सकट तो शब्द फाइलीचे नाव समजून शोधला.

कारण असे की ग्रॉफच्या लेखी साधी रेघ म्हणजे शब्द जोडणारा हायफन, आणि युनिकोड टर्मिनलवर तो त्यासाठी असलेले वेगळे चिन्ह छापतो. कीबोर्डवरचीच रेघ हवी असेल तर ‘\-’ लिहावे लागते. लिनक्सची काही वितरणे आपल्या सेटिंगमध्ये दोन्हींचे एकच चिन्ह करून टाकतात, त्यामुळे चूक एका संगणकावर झाकली जाते आणि दुसऱ्यावर उघडी पडते. माझे आणि दिवाणजींचे नेमके हेच झाले होते. दोन रेघांच्या लांब पर्यायांतही प्रत्येक रेघेला आपला बॅकस्लॅश हवा: ‘\-\-दर’. याच जातीची आणखी काही चिन्हे आहेत. एकेरी अवतरणाचे छपाईतले वळणदार रूप होते, म्हणून कमांडमध्ये लागणारे सरळ चिन्ह ‘\(एक्यू’ असे लिहावे, तिल्डसाठी ‘\(टीआय’, घरछपरासारख्या टोपीसाठी ‘\(एचए’, ही अक्षरे लहान लिपीत. खुद्द बॅकस्लॅश छापायचा तर ‘\ई’, तोही लहान.

टिंबाची गंमत याहून वाईट, कारण ती गुपचूप होते. वर्णनात मी लिहिले होते की नोंदी ‘.सीएसव्ही’ फाइलीत ठेवाव्यात. पुढे वाक्य थोडे वाढवले, ओळी पुन्हा बसवल्या आणि ‘.सीएसव्ही’ हा शब्द नेमका ओळीच्या सुरुवातीला आला. ग्रॉफने त्याला मॅक्रो समजले. या नावाचा मॅक्रो अस्तित्वात नाही, तर त्याने तक्रार न करता ती अख्खी ओळ टाकून दिली. पानावर वाक्य ‘नोंदी’वर संपून थेट पुढच्या वाक्याला भिडले. एकेरी अवतरणाने सुरू होणाऱ्या ओळीचेही हेच होते. उपाय सोपा आहे: अशा शब्दाच्या आधी ‘\&’ लिहावे. ही न दिसणारी, रुंदी नसलेली खूण आहे. ती आली की टिंब ओळीचे पहिले अक्षर राहत नाही.

हीच खूण मराठी मजकुरात आणखी एका जागी उपयोगी पडते. ओळ पूर्णविरामाने संपली की ग्रॉफ वाक्य संपले असे धरून पुढे एक जादा जागा सोडतो. म्हणूनच फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याची शिस्त आहे, आणि ती पाळल्यास पुढे बदल शोधणेही सोपे जाते. पण पट्टीच्या पानात ‘रु.’ आणि ‘कि.ग्रॅ.’ पावलोपावली येतात. ‘हमाली पोत्यामागे रु.’ अशी ओळ तेथे मोडली तर ग्रॉफला वाक्य संपल्यासारखे वाटते आणि आकड्याआधी खड्डा पडतो. तेथे ‘रु.\&’ लिहावे. त्याहून बरे म्हणजे ‘रुपये’ असे पूर्ण लिहावे.

एवढ्या मॅक्रोंवर लहान कमांडचे पान सहज उभे राहते. मात्र मॅन मॅक्रोंची एक मर्यादा राहतेच: ते ‘ठळक’ आणि ‘तिरपे’ याच भाषेत बोलतात. ‘-डी’ हा पर्याय आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असते, वाचणाऱ्याला संकेतावरून कळते, पण फाइलीला ते माहीत नसते. बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी एमडॉक नावाचा दुसरा संच केला तो ही उणीव भरण्यासाठी. त्यात पट्टीचा वापर असा लिहिला जातो:

.एसएच नेम
.एनएम पट्टी
.एनडी हळदीच्या नोंदींवरून हिशोबपट्टी तयार करते
.एसएच सिनॉप्सिस
.एनएम
.ओपी एफएल डी एआर दर
.एआर नोंदवही

एमडॉकमध्ये मॅक्रोच्या नावातले पहिले अक्षर मोठे आणि दुसरे लहान असते, आणि ही बाब मनावर घ्यावी: मोठ्या एच चा ‘एसएच’ मॅन संचातला, लहान एच चा एमडॉकमधला. ‘ओपी’ म्हणजे ऐच्छिक, ‘एफएल’ म्हणजे पर्याय, ‘एआर’ म्हणजे वापरणाऱ्याने द्यायची किंमत. कंस, रेघ, ठळकपणा हे सगळे संच स्वतः घालतो. बॅकस्लॅशही टाकावा लागत नाही आणि दिवाणजींचा फोनही येत नाही. ‘एनएम’ला नाव एकदा सांगितले की पुढे ते तो स्वतः आठवतो. एका ओळीत एक मॅक्रो दुसऱ्याला बोलावू शकतो, हे ‘ओपी’च्या ओळीत दिसतेच. याद्या ‘.बीएल -टॅग’ ने उघडतात, प्रत्येक नोंद ‘.आयटी’ ने सुरू होते आणि ‘.ईएल’ ने यादी बंद होते. पान मात्र ‘.टीएच’ऐवजी ‘.डीडी’ म्हणजे तारीख, ‘.डीटी’ म्हणजे नाव व विभाग, आणि ‘.ओएस’ या तीन ओळींनी याच क्रमाने सुरू करावे लागते. दोन्ही संच एका फाइलीत मिसळू नयेत.

अर्थ फाइलीत असल्याचा फायदा मॅनडॉक या प्रोग्रामबरोबर कळतो. क्रिस्टाप्स झोन्सन्स यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम ओपनबीएसडीवर, तसेच अल्पाइन आणि व्हॉइड या लिनक्स वितरणांवर मॅन पाने दाखवतो. त्याच्या ‘अप्रोपॉस’ला एखादे नाव केवळ पर्यावरणातील चल म्हणून किंवा फाइलीची वाट म्हणून कोणत्या पानात आले आहे असे नेमके विचारता येते. नवे पान आज कोणत्या संचात लिहावे असे कोणी विचारले तर मी एमडॉक सांगेन. पट्टीचे पान मॅन संचात राहिले ते केवळ यामुळे की ते तीनदा लिहून झाले होते. मार्कडाउनसारख्या सोप्या खुणांत लिहून त्यातून मॅन पेज काढून देणारी पॅनडॉकसारखी साधनेही आहेत. ती वापरण्यात कमीपणा नाही, पण त्यांनी काढलेली फाइल एकदा उघडून रेघा आणि ‘नेम’ची ओळ तपासावी.

तपासणीसाठी फाइल कोठेही बसवण्याची गरज नसते. ‘मॅन -एल पट्टी.१’ अशी कमांड दिली की चालू फोल्डरमधील फाइल पान म्हणून दिसते. एल लहान लिपीतला. डोळ्यांना दिसणार नाहीत अशा चुकांसाठी ही ओळ आहे:

ग्रॉफ -के -मॅन -टीयूटीएफ८ -डब्ल्यूडब्ल्यू -झेड पट्टी.१

यात ‘-के’ मुळे देवनागरी मजकूर युनिकोड म्हणून वाचला जातो, ‘-डब्ल्यूडब्ल्यू’ मुळे सगळ्या सूचना चालू होतात आणि ‘-झेड’ मुळे पान न छापता फक्त त्या सूचना दिसतात. नाहीशा झालेल्या ‘.सीएसव्ही’ची तक्रार येथे मिळते. एरवी ही सूचना बंद असते, म्हणून तर ती ओळ गुपचूप गेली होती. ‘मॅनडॉक -टी लिंट पट्टी.१’ याहून चिकित्सक आहे. मोकळ्या ओळी, चुकलेला मथळ्यांचा क्रम, रिकामे राहिलेले मॅक्रो हे सगळे तो ओळीच्या क्रमांकासह सांगतो. त्याचे सगळेच ऐकावे असे नाही, पण प्रत्येक सूचना एकदा वाचावी. शेवटी पडद्याची रुंदी साठ अक्षरांवर आणून पान पाहावे. त्यासाठी ‘मॅनविड्थ’ हा चल साठ करून मॅन चालवावा. दुकानातल्या पडद्यावर एका बाजूला नोंदवही उघडी असते आणि टर्मिनलला तेवढीच जागा उरते.

पान बसवताना इंग्रजी आणि मराठी अशा दोन फाइली करणे सोयीचे पडते. वापरकर्त्याच्या घरात ‘.लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘मॅन’ आणि त्यात ‘मॅन१’ या फोल्डरमध्ये इंग्रजी फाइल ठेवावी, कमांड ‘.लोकल’मधल्या ‘बिन’मध्ये असेल आणि ते फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांडी शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, असेल, तर मॅनडीबीवर चालणारा मॅन हे शेजारचे ठिकाण स्वतः शोधतो. मराठी फाइल त्याच नावाने ‘मॅन’ फोल्डरमधील ‘एमआर’ आणि त्यातील ‘मॅन१’ मध्ये जाते. संगणकाची भाषा मराठी असेल तर मराठी पान आपोआप उघडते, नसेल तर ‘मॅन -एल एमआर पट्टी’ म्हणावे. येथे एल मोठा. ग्रॉफ एरवी ओळीच्या दोन्ही कडा समान करतो, आणि विभक्ती-प्रत्यय लागून लांबलेले मराठी शब्द त्याला तोडता येत नाहीत, त्यामुळे अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये मोठी अंतरे पडतात. ‘--एनजे’ हा पर्याय दिला की उजवी कड मोकळी राहते आणि मजकूर सलग वाचता येतो. छापील प्रत हवी असल्यास अडचण आहे: ग्रॉफसोबत येणाऱ्या पीडीएफच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे नाहीत. मी पान टर्मिनलमधून साध्या मजकुराच्या फाइलीत काढले, एका कागदावर छापले, आणि दिवाणजींनी ते तोलकाट्याच्या मागच्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी चिकटवले.